मोबाईलमुळे थिएटरात सिनेमा पाहण्याची मजा गेली का, की जुनी पिढी उगाच कुरकुरतेय?

मजा गेली नाही, कमी झाली. पण सगळे रिंगटोनच्या नावाने खडे फोडतात, ते मला पटत नाही. फोन वाजला की चार जण ‘शूऽऽ’ करतात, तो माणूस ओशाळून बंद करतो, विषय संपतो. आणि आपली थिएटरं शांत होती तरी कधी? शिट्ट्या, पडद्यावर भिरकावलेली चिल्लर, २०१६ मध्ये ‘सैराट’च्या ‘झिंगाट’वर खुर्च्या सोडून नाचणारं पब्लिक, हे सगळं तिकिटातच आलं. खरा ताप उजेडाचा आहे.

डिजिटल सिनेमाच्या मानकानुसार पडद्यावरचा पांढऱ्यात पांढरा भाग ४८ निट्स (निट म्हणजे उजळपणा मोजायचं एकक) उजळ असायला हवा. प्रोजेक्टरचा दिवा जुना झाला की त्याहून कमीच. फोन मात्र फुल ब्राइटनेसवर ५०० निट्सपर्यंत आरामात जातो. म्हणजे पुढच्या रांगेतल्या काकांचा ‘शुभ रात्री’वाला फॅमिली ग्रुप नायिकेच्या चेहऱ्यापेक्षा दहापट उजळ! रात्रीचा प्रसंग असेल तर विचारूच नका. त्यात अंधुक उजेड टिपणाऱ्या पेशी डोळ्याच्या मधोमध नसतात, कडेच्या बाजूला असतात. त्यामुळे ठरवून पडद्याकडे बघत राहिलं तरी कोपऱ्यातला तो चौकोन नजर खेचतोच.

मल्टिप्लेक्सच्या उतरत्या रांगांनी यात भर घातली. जुन्या सिंगल स्क्रीनला स्टॉलमध्ये पुढच्याचं डोकं आडवं यायचं, पण त्याच्या मांडीवरचं काही दिसायचं नाही. आता डोकी खाली गेली आणि सगळ्यांच्या मांडीवरचे फोन वर आले. म्हणून सगळे धावून घेतात ती शेवटची रांग मी घेत नाही. तिथून हॉलमधला प्रत्येक फोन दिसतो. बुकिंगच्या नकाशात मधल्या आडव्या वाटेमागची पहिली रांग बघा. समोर रिकामी जागा मिळते आणि पुढे माणसं कमी.

थिएटरवाल्यांचं सांगायचं तर आधी ‘फोन सायलेंटवर ठेवा’ची पाटी, मग खुर्चीच्या हातावर क्यूआर कोड: स्कॅन करा, समोसा जागेवर येईल. तो घेऊन येणारा पोरगा टॉर्च मारत येतो ते वेगळंच.

शूटिंग करणाऱ्यांचं तर मला कोडंच आहे. २०२५ मध्ये ‘छावा’ लागला तेव्हा शेवट बघून रडणारी माणसं, गारद देणारी पोरं यांचे व्हिडिओ सगळीकडे फिरले. बघताना माझ्याही अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू. पण अख्खा हॉल हुंदके देत असताना शेजारच्याच्या तोंडावर कॅमेरा धरणारा नक्की काय बघायला आला होता? पडद्याचं चोरटं रेकॉर्डिंग तर थेट गुन्हा आहे. २०२३ च्या दुरुस्तीनंतर त्याला ३ महिने ते ३ वर्षं कैद आणि किमान ३ लाख रुपये दंड आहे.

फोनने भलंही केलंय. ‘दस का बीस’ करणारे ब्लॅकवाले जवळपास संपले, तिकीट आधीच हातात असतं. दृष्टिहीन प्रेक्षकांसाठी दृश्यांचं वर्णन हेडफोनवर ऐकवणारी ॲप्स आलीत, त्यांच्यासाठी फोन म्हणजेच सिनेमा. आणि ऐकायला स्क्रीन पेटती ठेवावी लागत नाही.

एवढं करून समोर फोन पेटलाच तर ‘दादा, उजेड डोळ्यावर येतोय, जरा ब्राइटनेस कमी करता का?’ असं विचारा. ‘फोन बंद करा’ म्हटलं की माणूस भांडायला उठतो, ब्राइटनेस मात्र बहुतेक जण निमूट कमी करतात. दहा मिनिटांनी फोन पुन्हा पेटला तर दारावरच्या माणसाला सांगा आणि सीट नंबरही द्या. स्मार्टवॉच असेल तर तुमचंही थिएटर मोडवर टाका. पॉपकॉर्नकडे हात नेला की ते पेटतं आणि आपल्याला पत्ताही नसतो.