नकारानंतरचा माणूस : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

अभिजात इंग्रजी प्रेमकादंबऱ्यांतील पात्रे आणि त्यांचे नातेसंबंध यांविषयी प्रश्न पाठवावेत, असे आवाहन गेल्या अंकात केले होते. त्यावर आलेली बहुतेक पत्रे सोलापूरच्या सिद्धेश्वरांच्या यात्रेच्या आठवड्यात माझ्या हाती आली. अक्षता सोहळ्याहून परतल्यावर ती वाचायला बसले, तेव्हा संमती कट्ट्याचे नाव मनातून जाईना. कुंभारकन्येचा सिद्धेश्वरांच्या योगदंडाशी जो विवाह होतो, त्यात अक्षता पडण्यापूर्वी या कट्ट्यावर संमतीचे वाचन होते, हे आपण सोलापूरकर लहानपणापासून पाहत आलो आहोत. पत्रे वेगवेगळ्या कादंबऱ्यांविषयी असली, तरी बहुतेकांच्या तळाशी मला संमतीचा, आणि त्याहूनही नकाराचा प्रश्न दिसला. या कादंबऱ्यांतला पुरुष प्रेमाची कबुली किती सुंदर शब्दांत देतो यापेक्षा, नकार ऐकल्यानंतर तो कसा वागतो यावरून त्याची पारख करावी, असे माझे मत अनेक वर्षे या कादंबऱ्या शिकवताना बनले आहे.

प्रश्न : बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आम्हाला ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ आहे. वर्गातल्या मुली शार्लट लुकसला नावे ठेवतात. मला मात्र तीच सर्वांत शहाणी वाटते. घरी माझ्यासाठी स्थळे पाहणे सुरू झाल्यापासून तर अधिकच. नायिका एलिझाबेथनेसुद्धा श्रीमंत डार्सीचा पेम्बर्लीचा वाडा पाहिल्यावरच त्याला होकार दिला ना?
— एक विद्यार्थिनी, जुळे सोलापूर

उत्तर : तुमच्या प्रश्नात व्यवहाराची जी जाण आहे, ती जेन ऑस्टिनलाही होती. 1813 साली प्रसिद्ध झालेल्या या कादंबरीत प्रत्येकाच्या नावापुढे उत्पन्नाचा आकडा आहे. बेनेट कुटुंबाची जमीन वर्षाला 2000 पौंड देते, परंतु ती केवळ पुरुष वारसाकडे जाणार असल्याने, पाच मुली असूनही, वडिलांच्या पश्चात दूरच्या नात्यातल्या कॉलिन्सला मिळणार आहे. या पाचांपैकी एलिझाबेथच्या वाट्याला आईच्या निधनानंतर चार टक्के व्याजाचे 1000 पौंड, म्हणजे वर्षाला अवघे 40 पौंड येतील. हा हिशेब स्वतः कॉलिन्सच तिला लग्नाची मागणी घालताना ऐकवतो. तिची मैत्रीण शार्लट 27 वर्षांची आहे, रूप नाही, पैसा नाही, आणि चांगल्या घरातल्या स्त्रीला गव्हर्नेस होण्यापलीकडे सन्मानाचे फारसे काम त्या काळी उपलब्ध नाही. तिने कॉलिन्सला दिलेला होकार हा उघड्या डोळ्यांनी केलेला करार आहे आणि त्यासाठी तिला नावे ठेवणे मला अन्यायाचे वाटते.

पण त्या कराराची किंमतही लेखिकेने दाखवली आहे. एलिझाबेथ शार्लटच्या सासरी राहायला जाते, तेव्हा तिला आश्चर्य वाटते की शार्लटने आपल्या बैठकीसाठी पुढची हवेशीर खोली सोडून मागची खोली का निवडली. कारण थोड्याच वेळात तिच्या लक्षात येते. मागची खोली पुढच्या खोलीइतकीच छान असती, तर नवरा तिथे अधिक वेळ येऊन बसला असता. शार्लट त्याला बागकामाचेही मनापासून उत्तेजन देते, कारण तो बागेत असतो तेवढा वेळ घर तिचे असते. शहाण्या बाईने मिळवलेला हा संसार आहे, आणि त्यात तिच्या वाट्याला मागची खोली आली आहे. तुम्ही शार्लटची बाजू घ्या, पण ही खोली विसरू नका.

आता एलिझाबेथविषयी. तिला दोन पुरुष मागणी घालतात आणि ती दोघांनाही नाही म्हणते. कॉलिन्सला तो नकार ऐकूच येत नाही. मुली मनात होकार असताना तोंडाने नाही म्हणतात, अशी त्याची समजूत असल्याने ती जितक्या स्पष्टपणे बोलते, तितका त्याचा उत्साह वाढतो. आणि तीन दिवसांच्या आत तो शार्लटला मागणी घालून मोकळा होतो. डार्सी पहिल्या मागणीत कॉलिन्सहून फारसा बरा नाही. तुझे घराणे माझ्या तोलाचे नाही, तरीही मी हे धाडस करतो आहे, अशा सुराची ती मागणी असते. परंतु नकार ऐकून तो थांबतो. दुसऱ्या दिवशी तिच्या आरोपांचा खुलासा करणारे पत्र देतो, आणि त्यात पुन्हा मागणी नसते.

पेम्बर्लीच्या भेटीनंतर काही बदलते हे खरे, पण बदलायला लावते ती वाड्याची भव्यता नव्हे. डार्सीला त्याच्या चौथ्या वर्षापासून ओळखणारी तिथली कारभारीण सांगते की, त्याच्या तोंडून तिने कधी कठोर शब्द ऐकलेला नाही. त्यानंतर तो अचानक समोर येतो आणि एलिझाबेथच्या व्यापारी मामा-मामींशी, म्हणजे ज्या नातेवाइकांवरून त्याने तिला कमी लेखले होते त्यांच्याशीच, आदराने बोलतो. आपण डार्सीवर प्रेम करू लागलो ते पेम्बर्लीचा परिसर पाहिला तेव्हापासून, असे एलिझाबेथ नंतर आपल्या थोरल्या बहिणीला, जेनला, सांगते खरी. पण ती थट्टा आहे, आणि जेन तिला लगेच गंभीरपणे बोलायला सांगते. पुढे धाकटी बहीण लिडिया विकम या लष्करी अधिकाऱ्याबरोबर पळून गेल्यावर डार्सी विकमची हजाराहून अधिक पौंडांची देणी फेडतो आणि ही गोष्ट एलिझाबेथला कळू नये अशी काळजी घेतो. दुसऱ्या मागणीच्या वेळी तर तो म्हणतो की, तुमचे मत बदलले नसेल तर तुमचा एक शब्द मला कायमचा गप्प करील. पहिल्या मागणीतल्या डार्सीला असे बोलणे सुचलेच नसते.

घरी स्थळे येतील तेव्हा उत्पन्न जरूर विचारा. त्यासोबत, ‘मला थोडा वेळ हवा’ एवढे म्हणून पाहा आणि समोरून काय उत्तर येते तेही ऐका.

प्रश्न : माझ्या मुलीने आमच्या सांगण्यावरून एक ठरलेला विवाह मोडला. आता ती आमच्यावर नाराज आहे. ‘पर्स्वेजन’मधल्या लेडी रसेलचे चुकले, असे तुम्ही एका व्याख्यानात म्हणालात. मग मोठ्यांनी काही सांगायचेच नाही का?
— एक आई, बार्शी

उत्तर : व्याख्यानात मी ते घाईने बोलले होते, इथे नीट सांगते. ऑस्टिनच्याच या कादंबरीत नायिका ॲन इलियट 19 वर्षांची असताना, तिच्या आईच्या मैत्रिणीच्या म्हणजे लेडी रसेलच्या सल्ल्याने, वेंटवर्थ या नौदल अधिकाऱ्याशी ठरलेला विवाह मोडते, कारण त्याच्याजवळ तेव्हा पैसा नाही. आठ वर्षांनी तो 25,000 पौंडांचा धनी होऊन परततो, तेव्हा ॲन 27 वर्षांची, काहीशी कोमेजलेली आहे. एवढ्यावरून सर्व दोष लेडी रसेलचा असे वाटते. परंतु कादंबरीच्या शेवटी वेंटवर्थ एक प्रश्न विचारतो, आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. 1808 साली, हाती थोडे हजार पौंड आल्यावर आणि जहाज मिळाल्यावर, मी तुला पुन्हा पत्र लिहिले असते तर तू होकार दिला असतास का? ती दिला असता असे सांगते. त्यावर तो मान्य करतो की, वाया गेलेल्या वर्षांपैकी सहा वर्षे त्याच्या स्वतःच्या ताठ्यामुळे गेली. नकार त्याने ऐकला होता, पण तो अपमान म्हणून उराशी बाळगला होता.

ॲन स्वतः मात्र म्हणते की, सल्ला चुकीचा असेल, तरी त्या वयात आईच्या जागी असलेल्या व्यक्तीचे ऐकणे तिचे चुकले नाही. त्यामुळे सल्ला देणे हा तुमचा अपराध नाही. लेडी रसेललाही अखेर आपण दोन्ही माणसांना, ॲनसाठी तिला आवडलेल्या मिस्टर एलियट या नातलगाला आणि नावडत्या वेंटवर्थला, चुकीचे जोखले हे मान्य करावे लागते आणि ती ते मान्य करते. आपल्या सल्ल्यात काय चुकले असेल, ते तुम्हाला मुलीजवळ बोलता येईल का, याचा विचार व्हावा. या कादंबरीतल्या सलोख्याची वाट तिथूनच जाते.

प्रश्न : ‘वुदरिंग हाइट्स’मधल्या हीथक्लिफचे प्रेम जगातले सर्वांत उत्कट प्रेम आहे, असे आमच्या वाचनकट्ट्यावर ठरले. आपले मत?
— एक वाचक, सात रस्ता

उत्तर : उत्कट आहे, यात शंका नाही. पण त्याच्या लग्नाच्या पत्नीचे, इझाबेलाचे, पत्र पुन्हा वाचावे. तिच्याबरोबर पळून जाताना तो तिचे कुत्रे गळफास लावून टांगतो, तिचा छळ करतो, आणि पुढे स्वतःच्या आजारी मुलाचा व त्याची प्रेयसी कॅथरीन हिच्या मुलीचा सूड उगवण्यासाठी उपयोग करतो. कॅथरीन ‘त्याच्याशी लग्न केले तर माझी प्रतिष्ठा जाईल’ असे म्हणते, तेवढेच ऐकून तो निघून जातो. त्यापुढचे प्रेमाचे शब्द ऐकायला तो थांबत नाही. अर्धा ऐकलेला हा नकार दोन घराण्यांना जाळतो. ‘वुदरिंग हाइट्स’मध्ये मला जपावेसे वाटणारे नाते दुसऱ्या पिढीतले आहे : कॅथरीनची मुलगी, धाकटी कॅथी, आपल्या मामेभावाला, हेअरटनला, वाचायला शिकवते, ते.

प्रश्न : ज्याने पहिल्या बायकोला माडीवर कोंडून ठेवले आणि ते लपवून दुसरे लग्न करू पाहिले, त्या ‘जेन एअर’मधल्या रॉचेस्टरला नायक का म्हणायचे?
— एक शिक्षिका, अक्कलकोट

उत्तर : ‘जेन एअर’ 1847 साली आली, तेव्हा इंग्लंडमध्ये घटस्फोटासाठी पार्लमेंटचा स्वतंत्र कायदा करून घ्यावा लागे. न्यायालयात घटस्फोट मागण्याची सोय 1857 च्या कायद्याने झाली, आणि जोडीदाराचा असाध्य मनोविकार हे घटस्फोटाचे कारण म्हणून तर 1937 साली मान्य झाले. रॉचेस्टर खरोखर अडकलेला होता. पण अडकलेपण त्याच्या खोटेपणाचे समर्थन होऊ शकत नाही, हे तुमचे म्हणणे मला मान्य आहे, आणि माझ्या मते ते नायिका जेनचेही म्हणणे आहे.

लग्न चर्चमध्येच मोडल्यावर तो तिला फ्रान्सच्या दक्षिणेत नेऊन ठेवण्याचे आमिष दाखवतो, विनवतो, रागावतो, बळाची भीतीही घालतो. अठरा-एकोणीस वर्षांची, आई-वडील नसलेली, त्याच्यावर जीव असलेली ही मुलगी पहाटे 20 शिलिंग घेऊन घर सोडते, आणि काही दिवसांतच उपाशी भीक मागण्याच्या अवस्थेला येते. पुढे तिला दुसरा पुरुष भेटतो. सेंट जॉन रिव्हर्स हा सदाचारी धर्मोपदेशक तिला पत्नी म्हणून हिंदुस्थानात न्यायचे ठरवतो आणि त्यासाठी तिला हिंदुस्थानी भाषा शिकायला लावतो. बहीण म्हणून येते, पत्नी म्हणून नाही, असे ती सांगते तेव्हा तो तिचा नकार म्हणजे देवालाच नकार असल्याचे भासवतो. विद्यार्थ्यांना रॉचेस्टरचा धाक पटकन दिसतो, सेंट जॉनचा दिसत नाही. मला दुसरा अधिक भयंकर वाटतो, कारण तो सद्गुणाची वस्त्रे नेसून येतो.

जेन परतते तेव्हा काकांकडून मिळालेल्या 20,000 पौंडांची तिने तीन भावंडांबरोबर समान वाटणी केलेली आहे आणि स्वतःच्या 5000 पौंडांवर ती उभी आहे. रॉचेस्टर अंध झाला आहे, एक हात गमावून बसला आहे, आणि त्याने तिला बोलावून घेतलेले नाही. हा विवाह मला त्यामुळे पटतो.

त्या कोंडलेल्या पहिल्या बायकोचा, बर्था मेसनचा, प्रश्न मात्र त्याने सुटत नाही. तिच्या तोंडचे एक वाक्यही वाचकाच्या कानी थेट पडत नाही. ती कशी होती हे सारे नवऱ्याकडून कळते. डॉमिनिका बेटावर जन्मलेल्या जीन ऱ्हीस यांनी 1966 साली ‘वाइड सारगॅसो सी’ लिहून तिला बोलते केले. दोन्ही पुस्तके वर्गात एकापाठोपाठ वाचून घ्यावीत.

प्रश्न : माझे वडील मिलमध्ये होते. मिल बंद पडून बरीच वर्षे झाली. आता त्यांना नीट दिसत नाही, म्हणून रोज संध्याकाळी मी त्यांना काहीतरी मराठीत सांगत वाचून दाखवतो. तुमच्या या प्रेमकादंबऱ्यांत त्यांना रस वाटेल असे काही आहे का?
— एक वाचक, पूर्व भाग

उत्तर : आहे, आणि तुमचे पत्र वाचताक्षणी मला ती कादंबरी आठवली. एलिझाबेथ गॅस्केल यांची ‘नॉर्थ अँड साउथ’ 1854-55 मध्ये डिकन्सच्या साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. मँचेस्टरवरून रचलेल्या मिल्टन या गिरणगावात दक्षिणेकडच्या खेड्यातून आलेली मार्गारेट हेल आणि गिरणीमालक जॉन थॉर्नटन यांची ही कथा आहे. संप होतो, मालक आयर्लंडहून मजूर आणतो, जमाव घरावर चालून येतो. मार्गारेट थॉर्नटनला आव्हान देते की, खाली जाऊन त्यांच्याशी माणसाने माणसाशी बोलावे तसे बोला. आणि तो गेल्यावर त्याच्यावरचा दगड तिला लागतो. दुसऱ्या दिवशी तो मागणी घालतो. जमावापासून कोणालाही मी असेच वाचवले असते, असे सांगून ती त्याला नाकारते.

यानंतरचा थॉर्नटन मला डार्सीपेक्षाही मोठा वाटतो. मार्गारेट एका प्रकरणात पोलिसांशी खोटे बोलल्याचे त्याला दंडाधिकारी म्हणून कळते. तिचे दुसऱ्या कोणावर प्रेम आहे अशी त्याची समजूत झालेली असते. तरीही तो तिला चौकशीपासून वाचवतो आणि त्याचा मोबदला मागत नाही. संपातला पुढारी हिगिन्स काम मागायला त्याच्या दारात पाच तास उभा राहतो. थॉर्नटन त्याला हाकलतो, मग त्याची हकिकत खरी असल्याचे कळल्यावर स्वतः त्याच्या घरी जाऊन काम देऊ करतो. पुढे दोघांच्या बोलण्यातून कामगारांसाठी जेवणघरही सुरू होते. एका स्त्रीने नाकारल्यानंतर माणूस आपल्या कामगारांशी वेगळा वागू लागतो, असे दुसऱ्या कोणत्या प्रेमकथेत मी वाचलेले नाही. अखेरीस गिरणी बुडते आणि वारसाहक्काने श्रीमंत झालेली मार्गारेट त्याला बँकेत अडीच टक्क्यांनी पडून असलेले 18,057 पौंड कर्जाऊ देऊ करते. प्रेमाची कबुली द्यायला तिला व्याजाच्या दराचा आधार घ्यावा लागतो, आणि त्या प्रसंगी माझे डोळे दरवेळी भरून येतात.

परंतु वडिलांसाठी सुरुवात तिथून करू नका. हिगिन्सची मुलगी बेसी हिच्यापासून करा. ती कार्डिंग म्हणजे कापूस पिंजण्याच्या खात्यात काम करून छातीच्या विकाराने 19 व्या वर्षी मरणाला टेकली आहे. कापसाची धूळ ओढून नेणारे चाक खात्याच्या टोकाला बसवता येते, पण त्याला पाच-सहाशे पौंड लागतात आणि त्यातून नफा काही नाही, म्हणून फार थोडे मालक ते बसवतात, असे ती सांगते. काही कामगारांनाही ते चाक नको असते, कारण धूळ गिळण्याची सवय झालेल्या पोटाला ती मिळेनाशी झाली की भूक अधिक लागते आणि पगार तर तेवढाच राहतो. हा भाग वाचून झाल्यावर जरा थांबा. त्यांच्या खात्यात असे चाक होते का, ते त्यांना विचारा, आणि ते जे सांगतील ते मला लिहून पाठवा.