वर्गातल्या अबोल मुलांना चर्चेत बोलतं कसं करावं?

तुमच्या आठवीच्या वर्गात नेहमीची चार-पाच मुलंच हात वर करतात, बाकीची मिठाची गुळणी धरून बसतात, त्यांचं काय करायचं, असं तुम्ही विचारलंय. मी नाशिकला सातपूर भागातल्या शाळेत इतिहास-भूगोल शिकवते. माझं ठाम मत आहे की यातल्या बहुतेक मुलांकडे सांगण्यासारखं असतं. जुळवाजुळव करायला त्यांना वेळ मिळत नाही, एवढंच.

प्रश्न विचारल्यावर आपण किती थांबतो, हे एकदा घड्याळ लावून बघा. मेरी बड रो या अमेरिकन संशोधक बाईंनी वर्गातली ध्वनिमुद्रणं तपासली, तेव्हा शिक्षक सरासरी जेमतेम 1 सेकंद थांबतात असं आढळलं. थांबणं 3 सेकंदांवर नेलं की उत्तरं लांबली आणि एरवी गप्प असणारी मुलंही बोलू लागली. वर्गात 3 सेकंदांची शांतता फार मोठी वाटते, आपलाच जीव वरखाली होतो. तरीही थांबा.

त्यानंतर सगळ्यांना वहीत दोन ओळी लिहू द्या, मग शेजारच्याला सांगू द्या आणि शेवटी वर्गासमोर. चारचौघांत बोलायच्या आधी तेच वाक्य एकदा तोंडातून गेलेलं असलं की भीड बरीच चेपते. फिरताना ज्या अबोल मुलाच्या वहीत चांगला मुद्दा दिसेल, त्याला हळूच सांगा, "हे छान आहे, मी तुला विचारणार आहे हं." अचानक नाव पुकारून उभं मात्र करू नका.

प्रश्नही बदलावा लागतो. "गंगापूर धरण कोणत्या नदीवर आहे?" याला एकच उत्तर आहे, ते चुकलं की हसं होतं. त्याऐवजी मी विचारते, "दुष्काळात आपल्या धरणांतलं पाणी मराठवाड्यातल्या जायकवाडी धरणाला सोडावं का?" पाण्याच्या समन्यायी वाटपाचा 2005 चा कायदा आहे, दर टंचाईत वाद पेटतो, आणि घरी द्राक्षबाग असलेल्या मुलाचं मत मराठवाड्यात नातलग असलेल्या मुलीपेक्षा वेगळं निघतं. इथं चुकायची भीतीच उरत नाही.

भाषेकडेही लक्ष द्या. आमच्याकडे बागलाणातून आलेल्या मुलांच्या घरी अहिराणी असते, सुरगाणा-पेठच्या मुलांच्या घरी कोकणा, आणि कारखान्यांतल्या कामगारांची कितीतरी मुलं घरी हिंदी बोलतात. उन्हाळ कांदा टिकतो आणि लाल कांदा का टिकत नाही, यावर बोलताना सटाण्याकडचा एक मुलगा "कांद्याच्या चाळीत" म्हणायच्या ऐवजी अहिराणीत "चाळमा" म्हणाला आणि मागून खसखस पिकली. तो तिथंच खाली बसायला लागला. मी म्हटलं, "चाळमा काय होतं, पुढं सांग." मग त्यानं खालून वारा खेळावा म्हणून चाळ जमिनीपासून उंच कशी बांधतात, कांदा नीट न सुकवता भरला तर कसा सडतो, हे असं सांगितलं की हसणारे ऐकत राहिले. हसणाऱ्यांना त्याच क्षणी थांबवायलाच हवं. एकदा हसू दिलं की पुढचे कित्येक महिने ते मूल तोंड उघडत नाही.

"शाब्बास, आज बोललास!" असं कौतुक टाळा, सगळे वळून बघतात. त्यापेक्षा त्याचा मुद्दाच पुढे न्या: "हा म्हणतोय ते कोणाला पटत नाही?" बोलण्याला गुण देण्याचं तर मला अजिबात पटत नाही. त्यानं बोलकी मुलंच आणखी बोलतात. पालकसभेत मुलासमोर "लाजाळू आहे हो" म्हणणंही टाळा.

एका गोष्टीवर नजर ठेवा. एखादं मूल घरी भरभरून बोलतं, पण शाळेत महिन्याहून जास्त काळ मैत्रिणीशीही एक शब्द बोलत नसेल, तर तो नुसता लाजरेपणा नसू शकतो. अशा वेळी आईवडिलांना विश्वासात घेऊन बालमानसोपचारतज्ज्ञांना दाखवायला सांगा, आणि तोवर वर्गात त्याला बोलायचा आग्रह अजिबात करू नका.