विद्यापीठात स्त्रियांच्या इतिहासाचं अभिलेखागार चालवणं म्हणजे दिवसभर नेमकं काय करायचं असतं?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: इतिहासात एम.ए. झालंय, विदर्भातल्या एका विद्यापीठात स्त्री-अभ्यास केंद्राच्या अभिलेखागाराचं, म्हणजे जुने कागद जपून ठेवणाऱ्या दालनाचं, प्रमुखपद कंत्राटी तत्त्वावर निघालंय, तर अर्ज करावा का. त्या माणसाला दिवसभर काय काम असतं. आणि खेड्यातल्या बायकांचे कागद मुळात असतात तरी का. मी असल्याच एका अभिलेखागाराची गेली नऊ वर्षं प्रमुख आहे. प्रमुख म्हणजे मी, एक सहायक आणि एक अर्धवेळ शिपाई. विद्यापीठाचं नाव लिहीत नाही, पुढे थोडी कुरकुर आहे म्हणून.

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. कागद असतात, भरपूर असतात. पण ते बाईच्या नावावर नसतात, आणि दिवाळीच्या सफाईपर्यंतच असतात.

पहिल्या वर्षीची गोष्ट. आर्णीकडच्या एका गावातून निरोप आला की एका दिवंगत शिक्षिकेची ट्रंक माळ्यावर पडून आहे. त्या बाईंनी पन्नास-साठ वर्षांपूर्वी घरोघर फिरून पोरी शाळेत आणल्या होत्या आणि रोजची टिपणं ठेवली होती, असं त्यांचा नातू फोनवर म्हणाला. मी विद्यापीठाच्या गाडीसाठी अर्ज टाकला. मंजुरीला नऊ दिवस लागले. पोचले तेव्हा नातसून ओशाळून म्हणाली, "ताई, परवाच रद्दीवाला येऊन गेला. वह्या लय होत्या, किलोवर गेल्या." ट्रंक तेवढी उरली होती, तिच्यात तुरीची डाळ भरलेली. झाकण उघडलं तर आतल्या बाजूला खळीनं चिकटवलेलं एक वेळापत्रक होतं, निळ्या शाईतलं. सोमवार ते शनिवार, आणि प्रत्येक वाराखाली विषयांऐवजी पोरींची नावं: कोणत्या दिवशी कुणाच्या घरी जाऊन बापाला समजवायचं. काही नावांवर काट होती, शेजारी बारीक अक्षरात 'लग्न'. आमच्या दाखल नोंदवहीत सातव्या क्रमांकाला जी वस्तू आहे ती म्हणजे त्या झाकणाचा फोटो. ट्रंकेत अजून डाळच असते. तेव्हापासून निरोप आला की मी एसटीनं निघते, गाडीचा अर्ज मागाहून.

गेल्यावर काय मागायचं हेही शिकावं लागतं. "जुने महत्त्वाचे कागद आहेत का?" असं विचारलं की घरचा पुरुष सातबारा, खरेदीखत आणि आजोबांचा फेटा बांधलेला फोटो आणतो. मी आता विचारते, "आजीची पेटी कुठं ठेवली?" मग निघतं: आहेराची वही, भजनी मंडळाची वही, माहेरून आलेली अंतर्देशीय पत्रं, दोनशे पानी वहीत उतरवलेल्या ओव्या, जिनिंगमधली मजुरीची चिठ्ठी. एका आजींनी मला हसून सांगितलं होतं, "त्या कागदायचं काय करतं व माय? चूल पेटवाले बी पुरत नाही थे."

माझ्या मते या सगळ्यात सोनं म्हणजे बचत गटाच्या इतिवृत्ताच्या, म्हणजे सभेत काय झालं ते लिहिण्याच्या, वह्या. त्या कुणी इतिहास म्हणून लिहिलेल्या नसतात, म्हणून खऱ्या असतात. आमच्याकडच्या एका वहीत सचिव बाईंनी (शिक्षण सहावी) एका सदस्येच्या नावापुढे लिहिलंय: 'हप्ता आणला होता, दारात नवऱ्यानं घेतला.' पुढच्या महिन्याच्या सभेत ठराव: या बाईचा हप्ता वेचणीच्या मजुरीतून परस्पर जमा धरावा. सूचक, अनुमोदक, दोन सह्या, एक अंगठा. अशा वह्या पंचायतीच्या आवारात, अंगणवाडीत, कुणाच्या तरी कपाटावर हजारोंनी आहेत आणि गट बंद पडला की त्या जातात.

आता नावांचं. निम्मा वेळ यात जातो, आणि जाहिरातीत याचा उल्लेख नसेल. एक बाई घ्या. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात ती यमुना. लग्नात नाव बदललं, सुशीला झाली. तलाठ्याच्या दप्तरात नवरा गेल्यावर 'बेवा' अमुक तमुक, स्वतःचं नाव गाळलेलं. बचत गटात शीलाबाई. जुन्या कोतवाल बुकात तिच्या जन्माची नोंद शोधायला गेलात तर बापाचं नाव आणि पुढे नुसतं 'मुलगी'. चार कागदांतल्या या चार बायका नसून एकच आहे, हे ओळखायचं, सिद्ध करायचं आणि सूचीत एका ठिकाणी आणायचं, हे काम कोणतंही सॉफ्टवेअर करत नाही. त्यासाठी तिच्या भावजयीशी बोलावं लागतं. मुख्य नोंद कोणत्या नावानं करायची यावर आमच्याकडे बरीच वादावादी झाली. ग्रंथालयवाले म्हणाले सासरचं, मी म्हटलं माहेरचं, शेवटी ठरलं की हयात असेल तर तिलाच विचारायचं. एकीनं दोन्ही नाकारली आणि शेतात बाया हाक मारतात ते टोपणनाव सांगितलं. सूचीत तेच आहे. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर राज्यानं आईचं नाव सक्तीचं केलंय. पन्नास वर्षांनी माझ्या खुर्चीत बसणाऱ्याचं डोकं थोडं कमी दुखेल.

नाव टिकलं तरी माणूस हरवतं. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे घ्या. सुरतेच्या विजयालक्ष्मी या तरुण विधवेच्या १८८१ च्या खटल्यावरून वर्तमानपत्रांनी बायकांना जी दूषणं दिली, त्यावर त्यांनी १८८२ मध्ये 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिलं. जोतिराव फुल्यांनी आपल्या 'सत्सार' या पुस्तिकेत त्यांची बाजू घेतली. त्यानंतर ते पुस्तक जे विस्मरणात गेलं ते थेट १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी पुन्हा छापेपर्यंत. वडील बापूजी हरी शिंदे डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क होते. कारकुनाचा कागदोपत्री माग काढता येतो. त्यांच्या मुलीनं पुढे काय लिहिलं, कसे दिवस काढले, यावर हाताला फार थोडं लागतं. एवढं जळजळीत लिहिणाऱ्या बाईची ही गत, तर आर्णीच्या मास्तरीणबाईंचं काय घेऊन बसलात.

उलट उदाहरणही विदर्भातलंच. २० जुलै १९४२ ला नागपुरात दलित महिलांची परिषद भरली, अध्यक्ष अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. घटस्फोटाचा हक्क मागणारे, बहुपत्नीत्वाविरुद्धचे ठराव तिथं झाले. त्या पिढीतल्या बायका आज आपल्याला भेटतात, कारण ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी त्यांची दारं ठोठावली, बोलतं केलं आणि १९८९ मध्ये 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक काढलं. नोकरी लागली तर पहिल्या आठवड्यात ते वाचा. विद्यापीठाची नियमावली नंतर वाचली तरी चालेल.

म्हणजे मुलाखती घ्याव्याच लागतात. कापसाच्या वेचणीत दिवसा कुणी भेटत नाही, संध्याकाळी लाइट नसते, आणि सगळं जुळलं की नवरा शेजारी येऊन बसतो. बाईला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तोच देतो. यावर माझ्या सहायकाचा उपाय अचूक आहे. तो उठतो आणि म्हणतो, "काका, चला, तुमचं वावर दाखवा." वावर दाखवायला कोणताही वऱ्हाडी माणूस नाही म्हणत नाही. मला चाळीस मिनिटं मिळतात.

पण सगळं ऐकलं म्हणून सगळं ठेवायचं नसतं, आणि इथं प्रमुखाला एकट्यानं निर्णय घ्यावा लागतो. ऑगस्ट १९४२ मध्ये चिमूरला उठाव झाला, त्यानंतर सैन्य-पोलिसांनी तिथल्या बायकांवर अत्याचार केले. चौकशीसाठी सेवाग्रामच्या प्रा. भणसाळींनी ६३ दिवस उपोषण केलं. भणसाळींचं नाव सगळ्यांना माहीत आहे. त्या बायकांची नावं शोधून काढावीत असं एका हुशार विद्यार्थिनीला वाटलं होतं. मी नाही म्हटलं. गाव तेच, आडनावं तीच, नातवंडं तिथंच नांदताहेत. १९७२ चं देसाईगंजचं मथुरा प्रकरणही आपल्याच भागातलं: पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर झालेला बलात्कार. आरोपी पोलीस सर्वोच्च न्यायालयात सुटले, देशभर संताप उसळला, १९८३ मध्ये कायदा बदलला. त्या मुलीवर निकालपत्रं, लेख, प्रबंध ढीगभर. तिला यातलं किती जगापुढे यायला हवं होतं, हे विचारणारे मोजके. आमच्याकडे एका कपाटाला वेगळं कुलूप आहे. आतल्या पाकिटांवर कधी उघडायचं ते वर्ष लिहिलंय, ते त्या त्या बाईनं सांगितलेलं. एकीनं रेकॉर्डिंग झाल्यावर तिसऱ्या दिवशी फोन करून "पुसून टाक" म्हटलं. पुसलं. मुलाखत अप्रतिम होती.

जपणुकीचं तुम्ही अभ्यासक्रमात शिकालच, तेव्हा भरभर सांगते. लॅमिनेशन कधीही करू नका. माझ्या आधीच्यांनी प्रेमानं चाळीस पत्रं लॅमिनेट केली होती. ती आता काढता येत नाहीत आणि शाई आत फिकी होतेय. सेलोटेप नको. फाटलेलं जपानी टिश्यू आणि गव्हाच्या सत्वाच्या खळीनं जोडायचं. कॅसेट सापडली की आधी डिजिटल करा, ऐकायचं कौतुक नंतर.

एक गोष्ट मात्र पुस्तकात मिळणार नाही: कूलर. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ च्या वर जातो आणि प्रत्येक खिडकीला कूलर लागतो. कूलर म्हणजे ओली हवा. महिन्याभरात पुठ्ठ्यांवर बुरशी दिसते, मग कसर येते. मी दालनातला कूलर काढायला लावला. शिपाई महिनाभर माझ्याशी बोलला नाही. हवा कोरडी ठेवणाऱ्या यंत्राचा प्रस्ताव दिला, तेव्हा खरेदी समितीतल्या एका सद्गृहस्थांनी विचारलं, "कागदांना कशाला हो एसी?" फाइल तीन वर्षं फिरली. यंत्र आलं ते मार्चअखेरीस निधी परत जायला नको म्हणून.

पैशाचं चित्र एकूण असंच. अमेरिकेत आयोवा विद्यापीठात स्त्रियांचं अभिलेखागार आहे, १९९२ पासूनचं. ते उभारायला लुईस नून या बाईंनी आपल्याकडचं फ्रिडा काहलो या मेक्सिकन चित्रकर्तीचं चित्र विकलं, साडेसोळा लाख डॉलरला. मुंबईतलं 'स्पॅरो' हे स्त्रियांचं अभिलेखागार १९८८ पासून विद्यापीठाच्या छत्राबाहेर स्वतःच्या हिकमतीवर उभं आहे. आमची काहलो म्हणजे दारव्ह्याकडच्या एक निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांनी घरातलं गोदरेजचं कपाट दिलं, वर टेम्पोचं भाडंही. किल्ली हरवलीय म्हणून ते कुलूप लागत नाही, पण वाळवी लागत नाही हे जास्त मोलाचं.

तर अर्ज करा. पगार वेळेवर होईल असं समजू नका. मुलाखतीत तुम्हीही दोन गोष्टी विचारून घ्या. दानपत्राचा नमुना आहे का, म्हणजे दिलेले कागद देणारीचे राहणार की विद्यापीठाचे, हे लिखित आहे का. आणि कंत्राट संपलं की बंद पाकिटांच्या किल्ल्या कुणाकडे जाणार. दुसऱ्या प्रश्नावर समिती गप्प बसली तरी घाबरू नका, आमचीही बसली होती. फक्त रुजू होताच ते उत्तर लेखी मिळवा.

रुजू कधी होणार असं ते विचारतीलच. दसऱ्याच्या आधीची तारीख सांगा.