अवयव पाडायचे, पण कोणत्या रिंगमध्ये?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे : बी.एस्सी. गणित

पेरणीआधीच्या या अंकासाठी आलेली बहुतेक पत्रे ॲबस्ट्रॅक्ट अल्जिब्राची आहेत, आणि त्यांतली निम्मी एकाच ठिकाणी अडलेली दिसतात. बहुपदी कोणत्या रिंगवर (म्हणजे सहगुणक कोणत्या संख्यासंचातून घेऊन) फोडायची, हे न पाहताच गणित सुरू केलेले असते. उत्तरपत्रिकेत पहिली ओळ त्याचीच लिहा.

प्रश्न (तृतीय वर्ष, दारव्हा) : क्ष⁴ + ४ परिमेय संख्यांवर इर्रिड्युसिबल (अवयव न पडणारी) आहे का, असे विचारले होते. ±१, ±२, ±४ टाकून पाहिले, एकही मूळ निघाले नाही, म्हणून ‘आहे’ लिहिले. गुण मिळाले नाहीत. माझे कुठे चुकले?

उत्तर : मूळ नाही यावरून रेषीय अवयव नाही एवढेच सिद्ध होते. कोटी (क्ष चा सर्वांत मोठा घातांक) २ किंवा ३ असेल तर तेवढे पुरते, कारण ३ ची फोड १ + २ अशीच होऊ शकते, म्हणजे एक अवयव रेषीय असावाच लागतो. ४ ची फोड मात्र २ + २ अशीही होते. तुमच्या बहुपदीत ४क्ष² मिळवा आणि तेवढेच वजा करा :

क्ष⁴ + ४ = (क्ष² + २)² − (२क्ष)² = (क्ष² + २क्ष + २)(क्ष² − २क्ष + २)

मुळे नाहीत, तरी अवयव पडले.

कोटी ४ असेल तर आधी मुळे तपासा आणि मग दोन वर्गबहुपदींचा (कोटी २ च्या बहुपदींचा) गुणाकार मांडून सहगुणक जुळवा. ही दुसरी पायरी गाळू नका. इथे गाउसची प्रमेयिका (१८०१) कामाला येते. पूर्णांक सहगुणकांची बहुपदी परिमेय सहगुणक घेऊन लहान कोटीच्या अवयवांत फुटत असेल, तर ती पूर्णांक सहगुणक घेऊनही फुटते. म्हणून अपूर्णांक शोधत बसायचे नाही. उदाहरणार्थ क्ष⁴ − १०क्ष² + १ घ्या. ±१ टाकले की −८ येते, म्हणजे मूळ नाही. आता मांडा :

(क्ष² + अ·क्ष + ब)(क्ष² + म·क्ष + न)

घन पदावरून म = −अ. स्थिर पदावरून ब·न = १, म्हणजे दोन्ही १ किंवा दोन्ही −१. वर्ग पदावरून ब + न − अ² = −१०. दोन्ही १ असतील तर अ² = १२, दोन्ही −१ असतील तर अ² = ८. यांपैकी एकही पूर्णांकाचा वर्ग नाही, म्हणून परिमेय संख्यांवर अवयव पडत नाहीत. पुष्कळ जण −१, −१ ही जोडी विसरतात. उत्तर योगायोगाने बरोबर येते, पण सिद्धता अर्धीच राहते.

प्रश्न (अध्यापक, अर्जुनी मोरगाव) : मॉड्युलो प घेऊन (मूळ संख्या प ने भागून उरलेल्या बाक्यांतच हिशेब करून) तपासायची रीत मुले दोन्ही बाजूंनी वापरतात. ‘मॉड ५ मध्ये फुटली, म्हणून परिमेयांवरही फुटते’ असे लिहितात. त्यांना पटेल असे उदाहरण द्याल का?

उत्तर : वरचीच बहुपदी द्या, याहून चांगले उदाहरण आम्हाला माहीत नाही. परिमेयांवर ती फुटत नाही हे आत्ताच पाहिले. पण ती तीन तऱ्हांनी लिहिता येते :

(क्ष² + १)² − १२क्ष²
(क्ष² − १)² − ८क्ष²
(क्ष² − ५)² − २४

मॉड प मध्ये ३ हा वर्ग असेल तर १२ ही वर्ग होतो आणि पहिली ओळ दोन वर्गांची वजाबाकी म्हणून फुटते. २ वर्ग असेल तर ८ वर्ग होतो आणि दुसरी ओळ फुटते. ६ वर्ग असेल तर २४ वर्ग होतो आणि तिसरी. प हा ५ किंवा त्याहून मोठा असला की या तिघांपैकी एक तरी वर्ग असतोच, कारण २ आणि ३ दोन्ही वर्ग नसतील तर त्यांचा गुणाकार ६ हा वर्ग ठरतो. मॉड २ मध्ये ती (क्ष + १)⁴ होते आणि मॉड ३ मध्ये (क्ष² + १)². म्हणजे एकूण एक मूळ संख्येला फुटणारी ही बहुपदी परिमेयांवर मात्र अखंड राहते. फळ्यावर मॉड ५ साठी (क्ष² − २)(क्ष² + २) आणि मॉड ७ साठी (क्ष² − क्ष − १)(क्ष² + क्ष − १) मुलांकडूनच गुणून घ्या. हाताने गुणले की पटते.

रीत एकाच दिशेने चालते. मॉड प मध्ये फुटली नाही, तर परिमेयांवरही फुटत नाही. त्यातही अट आहे : प ने पहिल्या पदाच्या सहगुणकाला भाग जाता कामा नये. २क्ष² + ३क्ष + १ मॉड २ मध्ये क्ष + १ उरते. ते फुटत नाही, पण मूळ बहुपदी (२क्ष + १)(क्ष + १) आहे. कोटीच उतरली, म्हणून तपासणी फोल.

मॉड २ साठी पाठ ठेवण्यासारखे : न फुटणारी वर्गबहुपदी एकच, क्ष² + क्ष + १. म्हणून कोटी ४ ची बहुपदी मॉड २ मध्ये आणल्यावर तीनच गोष्टी बघायच्या. स्थिर पद १ आहे का, एकूण पदे विषम आहेत का, आणि ती क्ष⁴ + क्ष² + १ तर नाही ना, कारण तो क्ष² + क्ष + १ चा वर्ग आहे. क्ष⁴ + ३क्ष + ७ चे क्ष⁴ + क्ष + १ होते. तिन्ही अटी पुऱ्या, काम एका ओळीत संपले.

प्रश्न (वरुड) : क्ष⁴ + क्ष³ + क्ष² + क्ष + १ ला आयझेनस्टाइनची कसोटी कशी लावायची? भाग जाईल अशी मूळ संख्याच सापडत नाही.

उत्तर : क्ष च्या जागी क्ष + १ टाका. क्ष⁴ + ५क्ष³ + १०क्ष² + १०क्ष + ५ मिळते. पहिले पद सोडून सगळ्या सहगुणकांना ५ ने भाग जातो आणि शेवटच्या ५ ला २५ ने जात नाही. कसोटी एवढेच मागते. नवी बहुपदी फुटत नाही, म्हणून जुनीही नाही. ही कसोटी शोनेमान यांनी १८४६ मध्ये आणि आयझेनस्टाइन यांनी १८५० मध्ये मांडली.

वर्गाची अट (स्थिर पदाला त्या मूळ संख्येच्या वर्गाने भाग जाता कामा नये) वगळू नका : क्ष² − ४ मध्ये स्थिर पदाला २ ने भाग जातो, पण ४ नेही जातो, आणि ती सरळ फुटते. शिवाय कसोटीचा निकाल परिमेयांवरचा असतो. ३क्ष² + ६क्ष + ६ ला २ ने कसोटी लागते, तरी पूर्णांकांच्या रिंगवर ती ३(क्ष² + २क्ष + २) अशी फुटते, कारण तिथे ३ ला व्यस्त (३ ला गुणून १ देणारी संख्या) नाही.

प्रश्न (मूल, जि. चंद्रपूर) : वर्गबहुपदीला चार मुळे असू शकतात का?

उत्तर : मॉड ६ मध्ये असतात. क्ष² + क्ष मध्ये ०, २, ३, ५ टाकून बघा, चारही वेळा शून्य येते. तिथे ती क्ष(क्ष + १) अशीही फुटते आणि (क्ष − २)(क्ष − ३) अशीही. कारण २ × ३ = ०. फील्डमध्ये, म्हणजे शून्य सोडून प्रत्येक घटकाला व्यस्त असतो अशा रिंगमध्ये, असे घडत नाही.

प्रश्न (मेहकर) : गावच्या कृषी केंद्रातला पैसे द्यायचा क्यूआर कोड उन्हाने विटलाय, त्यावर खताचे डागही आहेत, तरी मोबाइल तो वाचतो. यात बहुपदी असते असे ऐकले. खरे का?

उत्तर : खरे आहे. कोडातला प्रत्येक बाइट २५६ घटकांच्या फील्डमधला एक घटक मानतात. मॉड २ सहगुणकांच्या, ८ पेक्षा कमी कोटीच्या बहुपदी हे ते घटक. गुणाकार झाला की क्ष⁸ + क्ष⁴ + क्ष³ + क्ष² + १ ने भागून बाकी ठेवायची. ही बहुपदी मॉड २ मध्ये फुटत नाही, आणि सगळे त्यावर उभे आहे. ती फुटली असती तर तिच्या दोन अवयवांचा गुणाकार मॉड ६ मधल्या २ × ३ सारखा शून्य झाला असता. मग त्यांना व्यस्त नसता, आणि चूक शोधताना भागाकार तर करावाच लागतो.

पुढे संपूर्ण मजकूर य या चलातली एक मोठी बहुपदी समजतात आणि तिला (य − १)(य − क्ष)(य − क्ष²)… अशा गुणाकाराने पूर्ण भाग जावा म्हणून शेवटी जादा बाइट जोडतात. सर्वांत लहान, २१ × २१ चौकटींच्या कोडात २६ बाइट असतात. चूक दुरुस्तीच्या चार पातळ्यांपैकी ‘एम’ पातळीवर त्यांतले १६ मजकुराचे आणि १० जोडलेले. मोबाइल य च्या जागी १, क्ष, क्ष²… टाकतो. सगळीकडे शून्य आले तर कोड शाबूत. नाही आले, तर त्या किमतींवरूनच कोणता बाइट बिघडला आणि तो मुळात काय होता, हे काढतो. चार पातळ्यांवर साधारण ७, १५, २५ आणि ३० टक्के बाइट बिघडले तरी मजकूर परत मिळतो.

कोपऱ्यांतले तीन मोठे चौकोन या बाइटांत मोजले जात नाहीत, ते कोड कुठे आहे हे दाखवायला असतात. डाग मधे पडला तर बीजगणित सांभाळून घेते. तो कोपरा फाटला, तर मोबाइलला बहुतेक वेळा कोडच सापडत नाही. दुकानदाराला सांगा, चिकटपट्टी त्या चौकोनांवर लावू नका.