हीटर टक् करून बंद पडतो, बिघडला काय?

प्रश्न: नागपुरात रात्री पारा 10 च्या खाली गेला की आईच्या खोलीत ऑइलचा हीटर लावतो, पण दहा मिनिटांत टक् करून बंद, खोली थंडच, मग थोड्या वेळानं आपोआप चालू. थर्मोस्टॅट गेला काय भाऊ?

उत्तर: नाही हो, टक् होणं हेच तर त्याचं काम! आत दोन धातूंची जोडपट्टी असते, तापली की एक धातू जास्त पसरतो, पट्टी वाकते नि करंट तुटतो, गार झाली की परत जुळतो. पण हा थर्मोस्टॅट बसलाय हीटरच्याच अंगावर, पलंगापाशी किती थंडी आहे ते त्याला काय कळणार? हीटर भिंतीला नाहीतर पडद्याला चिकटून असेल तर गरम हवा तिथंच कोंडते आणि तो लवकर कटतो, म्हणून आधी हातभर पुढे सरकवा. आणि कूलरची खिडकी बघा, आपल्याकडे ती उन्हाळ्यानंतर तशीच उघडी राहते, सगळी ऊब तिथूनच जाते! नॉब फुल केल्यानं खोली लवकर तापत नाही, फक्त हीटर उशिरा कटतो. नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवूनही कुठंच टक् होत नसेल तर मेकॅनिक बोलवा. 2000 वॉटचा असेल तर 16 अँपिअरच्या सॉकेटलाच लावा, एक्स्टेन्शन बोर्ड अजिबात नको.