जांभ्याचा जुना दुमजली वाडा महाविद्यालयासाठी घेतोय (रत्नागिरी). माडीवर ग्रंथालय चालेल का?

नको, तळमजल्यावरच ठेवा. आयएस ८७५ (इमारतीवरचे भार ठरवणारं भारतीय मानक) प्रमाणे राहत्या खोलीला चौरस मीटरमागे साधारण २०० किलो भार धरतात, वर्गाला ३००, पुस्तकांच्या कपाटांना निदान ६००. माडीवर वर्ग भरवायचे तरी आधी स्ट्रक्चरल इंजिनीयरकडून तुळया तपासून घ्या. मधे तुळई ठणठणीत दिसते, तिथंच फसायला होतं. कुजते ती भिंतीत गेलेल्या टोकाशी, कारण पावसाची ओल तिथं मुरते. दाभण टोचा, सहज शिरलं तर टोक गेलं.

भिंतींना सिमेंटचा गिलावा अजिबात नको. जांभ्यातली ओल कोंडते, क्षार फुलतात, पोपडे सुटतात. त्याऐवजी चुन्याचा गिलावा करा: मुरवलेला चुना १ भाग, नदीची वाळू ३ भाग. थर १०-१२ मिमी, आठवडाभर ओलसर ठेवा. किनाऱ्यावरची खारी वाळू फुकट मिळाली तरी नको.