आवडत्या मालिकेतलं न आवडलेलं पुस्तक

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

तुझा लेख दोनदा वाचला. अ‍ॅन राइसची तेराही व्हॅम्पायर पुस्तकं आणि रॉबर्ट जॉर्डनच्या 'व्हील ऑफ टाइम'चे चौदा खंड तू एका वर्षात वाचून काढलेस, याचा फार आनंद झाला. प्रत्येक पुस्तकाला स्टार दिलेस, तेही राहू देत. पण राइसच्या 'मेम्नॉक द डेव्हिल'ला दोन स्टार आणि पुढे एकच शब्द, 'कंटाळवाणं', तिथे मी थांबले. कंटाळा नेमका कुठल्या पानावर आला?

हे विचारते, कारण सुरुवात तुलाही आवडली असणार. मालिकेचा व्हॅम्पायर नायक लेस्टाट रॉजर नावाच्या माणसाला मारतो आणि त्याच रॉजरचं भूत बारमध्ये त्याच्यासमोर येऊन बसतं, बोलत राहतं. ते बोलणंही लांबलचक आहे, तरी मला ते संपू नये असं वाटत होतं. रॉजरला आपल्या मुलीची काळजी आहे. मेल्यावरही तो तिच्यासाठी, ज्यानं आपल्याला मारलं त्याच्याकडेच गळ घालतोय. पुढे सैतान लेस्टाटला स्वर्गात नेतो, सृष्टी कशी घडली ते समजावून सांगतो, आणि आपला लेस्टाट कितीतरी पानं नुसता ऐकत राहतो. १९८५च्या 'द व्हॅम्पायर लेस्टाट'मध्ये हाच माणूस ऐन हिवाळ्यात एकटा आठ लांडग्यांशी झुंजला होता. घोडा गेला, कुत्रे गेले, पण हा मागे हटला नाही. ती दोन पुस्तकं शेजारी ठेव. घोडं कुठे अडलं ते दिसेल, आणि मग 'कंटाळवाणं' हा शब्द तुला पुरणारच नाही.

पहिल्या पुस्तकाबद्दल तू भरभरून लिहिलंस, पण त्यातल्या क्लॉडियाला, त्या लहानग्या व्हॅम्पायर पोरीला, एका ओळीत उरकलंस. याचं मला वाईट वाटलं. 'इंटरव्ह्यू विथ द व्हॅम्पायर' १९७६चं. त्याआधी चार वर्षं राइसची मुलगी रक्ताच्या कर्करोगानं गेली होती, सहा वर्षंही पूर्ण झाली नव्हती तिला. क्लॉडियाही तेवढीच, आणि कायमची तेवढीच. मन बाईचं होत जातं, शरीर पाच वर्षांच्या पोरीचं. पॅरिसमधली मॅडेलिन आठवते ना? बाहुल्या करणारी. ती पुन्हा पुन्हा एकाच चेहऱ्याची बाहुली करते, गेलेल्या लेकीच्या. क्लॉडिया तिच्याकडून मोठ्या बाईची बाहुली करवून घेते आणि स्वतःच्या इवल्या मुठीत चिरडून टाकते. तिथे कुणी कुणाला काही समजावत नाही. 'मेम्नॉक'शी तुलना करायची तर या मुठीशी कर.

लेखिकेचं आयुष्य वाचावं, पण त्यावरून पुस्तकाला माफी देऊ नये. त्याच मालिकेतलं 'ब्लड कँटिकल' २००३चं. आधीच्या डिसेंबरात तिचे पती गेले होते. त्या दुःखापुढे मी मान झुकवते. तरीही पुस्तकाच्या आरंभीच लेस्टाट वाचकांना झापतो, 'मेम्नॉक'ची तुम्हाला कदर नाही म्हणून. मला तिथे दुखावल्यासारखं झालं. आपण इतकी वर्षं त्याच्या मागे चाललो होतो ते त्याच्यावरच्या प्रेमानंच.

जॉर्डनबद्दल तू घाई केलीस. दहावा खंड, 'क्रॉसरोड्स ऑफ ट्वायलाइट', बहुतेकांना नकोसा वाटतो, ते खरं आहे. नवव्याच्या शेवटी मालिकेचा नायक रँड आणि त्याची सोबतीण नायनीव केवढं प्रचंड काम करतात, आणि दहाव्यात बराच वेळ आपण त्याच दिवसाभोवती घुटमळतो, इतर लोक तेव्हा कुठे काय करत होते ते पाहत. पण तू नववा मिटला आणि दुसऱ्या दिवशी दहावा उघडला. आम्ही २०००पासून २००३पर्यंत वाट पाहिली होती. फोर्टच्या फुटपाथवर तो खंड मिळाला तेव्हा लोकलमध्ये उभ्यानंच वाचायला घेतला होता, आणि घर येईपर्यंत मन खट्टू झालं. पुढे २००७मध्ये जॉर्डन गेले. शेवटचे तीन खंड त्यांच्या टिपणांवरून ब्रँडन सँडरसननं २०१३पर्यंत पुरे केले. सगळे हाताशी आल्यावर दहावा पुन्हा वाचला. संथ आहेच, पण तो जुना राग उरला नाही, कारण तो बराचसा वाट पाहण्याचा होता. तुझा कंटाळा माझ्याहून वेगळा आहे. तो तुझा म्हणूनच लिही, इतरांचं मत उसनं घेऊ नकोस.

आता एक पुस्तक सुचवते. उर्सुला ले ग्विनची 'अर्थसी' मालिका. पहिली तीन पुस्तकं १९७२पर्यंत आली आणि चौथं, 'तेहानू', थेट १९९०मध्ये. पंचविशीत मी ते अर्ध्यावर टाकलं होतं. केवढा तो महाजादूगार गेड! तो ड्रॅगनच्या पाठीवरून परततो ते सगळी शक्ती संपवून, आणि मग डोंगरावर शेळ्या राखतो. दुसऱ्या पुस्तकातली तेनार आता शेतकऱ्याची विधवा, पदरात एक भाजलेली, टाकून दिलेली पोर. जेवणानंतरची भांडी म्हणजे बायकांचं काम, असं तेनारचा मुलगा धरून बसलेला, आणि गेड ती निमूट विसळतोय. जादू कुठे गेली म्हणून मी चिडले होते. चाळिशीत, सासूबाईंच्या आजारपणात, रात्री जागताना ते पुन्हा हाती घेतलं आणि सकाळपर्यंत खाली ठेवलं नाही. आज त्या मालिकेतलं मला सर्वांत जवळचं तेच. पहिली तीन वाचल्याशिवाय मात्र हात लावू नकोस. गेड केवढा होता हे ठाऊक नसेल तर ती भांडी नुसती भांडीच राहतील.

रविवारी येशील तेव्हा तुझी 'मेम्नॉक'ची प्रत घेऊन ये, मन उडालं त्या पानावर खूण करून. माझी मी काढून ठेवते. खुणा एकाच जागी पडतात का ते बघू.

तुझी,
बाई